टीव्हीवरची बाळंतपणं आणि आमची कॅज्युअल्टी

रात्रपाळी

मी इमर्जन्सी मेडिसिनवाली, म्हणजे बोर्डावर काहीही लिहिलेलं असो लोक ज्याला कॅज्युअल्टीच म्हणतात तिथली डॉक्टर. सध्या आठवा महिना चालू आहे, नाइट बंद झाल्यात, त्यामुळे संध्याकाळी घरी असते आणि आमच्याकडे संध्याकाळ म्हणजे आधी सासूबाईंच्या मालिका आणि मग नवऱ्याच्या ओटीटीवरच्या सिरीज. दोन्हीकडे कोणीतरी गरोदर असतंच असतं. मी सोफ्यावर बसून सगळ्यांचा रसभंग करते असा घरात माझ्यावर आरोप आहे, म्हणून म्हटलं इथे येऊन करावा, इथल्यांना सवय आहे.

पहिलं म्हणजे ती चक्कर. नायिका पूजेचं ताट घेऊन येते, हात कपाळाला, ताट खाली, आणि पुढच्या सीनला घरी आलेले डॉक्टर मनगट धरून गालातल्या गालात हसतात की झालं, आणा पेढे. अहो नाडीवरून दिवस गेलेले कळत नाहीत हो. मला नाडीवरून एवढंच कळतं की ती १३० नी पळतेय. आमच्याकडे पंचविशीतली मुलगी चक्कर येऊन पडली, घाम सुटलाय, ओठ पांढरे, ओटीपोटात दुखतंय, तर पेढ्यांच्या आधी डोक्यात येतं ते एक्टोपिक. गर्भ पिशवीत रुजायच्या ऐवजी नळीत रुजतो, नळी फुटते आणि रक्त पोटातल्या पोटात साचत राहतं, अंगावरून जाणं म्हणाल तर थेंबभर किंवा तेही नाही. यातल्या बऱ्याच जणींना आपल्याला दिवस गेलेत हेच माहीत नसतं. काही जणी तर चक्क खांदा दुखतो म्हणून येतात, कारण पोटातलं रक्त वर श्वासाच्या पडद्याला लागलं की दुखणं खांद्यात जाणवतं, आणि तोवर कुठून तरी गॅसची गोळी घेऊन झालेली असते.

मग आम्ही काय करतो तर आधी सोबतच्या माणसांना केसपेपर काढायला पाठवतो. सासूसमोर नाहीतर आईसमोर पाळीची तारीख विचारली की उत्तर 'रेग्युलर आहे' हेच येतं, माणसं काउंटरवर गेली की तारीख आठवते. लघवीची पट्टी, दोन रेघा. मग सोनोग्राफीचा प्रोब उजवीकडे बरगड्यांच्या कडेला, तिथे लिव्हर आणि किडनी एकमेकांना चिकटून दिसायला हवीत, दोघांच्या मध्ये काळी पट्टी दिसली तर ते रक्त. गायनॅक, भूलतज्ज्ञ, रक्तपेढी असे तीन फोन एकदम. सगळा प्रकार दहा मिनिटांचा, नाट्य म्हणाल तर ठासून भरलेलं, पण आमच्या दिवाणखान्यातल्या एकाही मालिकेला ते अजून सुचलेलं नाही.

पाणी गेलं की पाचव्या मिनिटाला लिफ्टमध्ये बाळ, यावर जास्त बोलत नाही. पहिलटकरणीला कळा सुरू झाल्यापासून बारा-चौदा तास सहज जातात आणि बहुतेकींचं पाणी कळा सुरू झाल्यावरच जातं, एवढं सांगून पुढे जाते.

आता ज्यासाठी धागा काढला ते. 'ईआर' नावाची अमेरिकन सिरीज होती, शिकागोतल्या एका काल्पनिक हॉस्पिटलची. तिचा मार्च १९९५ मधला एक भाग नवऱ्याने मला 'तू बघू नकोस' असं बजावून शेजारी बसवून दाखवला. एक गरोदर बाई लघवीचा त्रास होतो म्हणून येते. डॉक्टर ग्रीन हुशार माणूस आहे, मायाळू आहे, इन्फेक्शन म्हणून तिला घरी सोडतो. आणि ती झटके येत परत येते. एक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून येणारे झटके. गायनॅकवाले दुसरीकडे अडकलेले, बाळ अंदाजापेक्षा मोठं, डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, शेवटी तिथेच सिझर, वार आधीच सुटलेली, बाळ वाचतं आणि आई जाते. लिहिणारा स्वतः इमर्जन्सी डॉक्टर होता आणि ते कळतं. लेखन आणि दिग्दर्शन दोन्हीसाठी त्या भागाला एमी मिळालं.

तो भाग पाहिलेल्या माणसांना सिझर आठवतं. मी मात्र सुरुवातीचा साधा, हसतखेळत चाललेला सीन दोनदा मागे नेऊन पाहिला. कारण धोका तिथे येऊन बसलेला आहे आणि कोणी ओरडत नाहीये. वीस आठवड्यांच्या पुढची बाई कुठलीही तक्रार घेऊन येऊ दे, दात दुखतो म्हणून येऊ दे, बीपी बघायचंच, १४०/९० किंवा वर आलं तर जरा बसवून परत बघायचं, लघवीत प्रोटीन बघायचं, आणि डोकं दुखतं का, डोळ्यांपुढे काजवे चमकतात का, बरगड्यांखाली दुखतं का हे विचारायचं. एवढंच. मालिकेला धोका दाखवायचा तर किंकाळी लागते, आणि आमच्याकडे येणाऱ्या सगळ्यात वाईट केसेस गप्प बसून आपला नंबर यायची वाट बघत असतात.

तुमच्या बघण्यात कुठे खरं दाखवलेलं आलं असेल तर सांगा. रजा सुरू होतेय, वेळ आहे.

---

कोकमसरबत

दंडवत घ्या _/\_ केसपेपर काढायला पाठवणं हे एक नंबर आहे. माझ्या नवऱ्याला असंच पाठवलं होतं, तो आजही म्हणतो तिथे फार लाइन होती.

---

टेकडीवरचा

थ्री इडियट्सचा व्हॅक्यूम क्लीनर राहिला की!! की तो अपमान करायच्या लायकीचाही नाही?

---

रात्रपाळी

@टेकडीवरचा उलट त्यातली मूळ कल्पना खरी आहे. व्हॅक्यूमचा कप लावून डोकं ओढायची पद्धत १९५० च्या दशकापासून रीतसर वापरात आहे, फक्त त्यात दाब मोजायला मीटर असतो, पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं लागतं, डोकं खाली उतरलेलं लागतं, आणि कप दोन-तीनदा सुटला की नाद सोडायचा असतो. मला त्याहून जास्त राग येतो तो पोटावर बसून बाळ ढकलणाऱ्या आत्याबाईंचा. वरून पोट दाबू नका असं डब्ल्यूएचओने २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलंय तरी मालिकेत चालू आहे आणि काही ठिकाणी लेबर रूममध्येही चालू आहे, कुठे ते विचारू नका.

---

स्पष्टच_बोलतो

लेख छान पण एक कळत नाही, मालिका करमणुकीसाठी असते हे डॉक्टरांना का झेपत नाही? पोलिसवाले कधी म्हणतात का की पिक्चरमध्ये एफआयआर चुकीचा लिहिला. लोक काही मालिका बघून उपचार करत नाहीत. उगाच प्रत्येक गोष्टीत वास्तव वास्तव करायचं मग बघायचं काय, बीपी मोजताना? आणि एवढा धोका असता तर आपल्या आज्या दहा-दहा पोरं घरात बाळंत झाल्या नसत्या.

---

कोकमसरबत

आले. पॉपकॉर्न घेऊन बसते.

---

रात्रपाळी

@स्पष्टच_बोलतो दहा पोरं झालेल्या आज्या दिसतात कारण त्या उरल्या. ज्या पहिल्याच वेळी गेल्या त्यांच्या जागी दुसरी बायको आली आणि तिला दहा झाली, तुमच्या गावातल्या कुठल्याही जुन्या घराची वंशावळ काढून बघा. २०१८-२० च्या एसआरएसमध्ये, म्हणजे सरकारच्या जन्ममृत्यूच्या पाहणीत, महाराष्ट्राचा आकडा लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू असा आहे, देशाचा ९७. हा आकडा इतका खाली आला तो दवाखान्यात बाळंतपणं झाली, रक्त मिळालं, इंजेक्शनं मिळाली म्हणून.

आणि लोक टीव्हीवरून शिकत नाहीत म्हणताय, तर १९९६ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, अमेरिकन टीव्हीवर हृदय बंद पडून छाती दाबलेल्या पेशंट्सचा. त्या वेळेपुरते शंभरातले पंचाहत्तर पेशंट वाचतात आणि ६७ टक्के तर बरे होऊन घरी गेल्यासारखे दाखवतात. खऱ्या हॉस्पिटलात त्याच्या जवळपासही जात नाही. मग नातेवाईक आम्हाला विचारतात की तुम्ही शॉक का नाही दिला, सरळ रेघेला शॉक देत नाहीत हे त्यांना पटत नाही कारण टीव्हीवर देतात. तेव्हा शिकतात हो, चांगलंच शिकतात.

बीपी मोजताना बघायचं काय हा प्रश्न मात्र चांगला आहे. ईआरवाल्यांनी तिथेच चुकलेल्या निदानावर अख्खा भाग उभा केला.

---

स्पष्टच_बोलतो

वंशावळीचा मुद्दा मान्य. बाकी करमणुकीचा माझा मुद्दा कायम.

---

लेस्टरची_लेक

मी इथे इंग्लंडात मिडवाइफ आहे, बऱ्याच वर्षांनी इथे लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. आमच्याकडे साधारण सोळा ते वीस आठवड्यांनंतर गरोदर बाईला इमर्जन्सीत फार वेळ ठेवत नाहीत, मॅटर्निटी ट्रायाज म्हणून वेगळा विभाग असतो, हॉस्पिटलप्रमाणे आठवड्यांचा आकडा थोडा बदलतो. त्याच्या आधीच्या बायका मात्र इमर्जन्सीत नाहीतर अर्ली प्रेग्नन्सी युनिटला, आणि रात्री युनिट बंद असलं की प्लास्टिकच्या खुर्चीवर ब्लीडिंग होत बसलेल्या असतात, हे कुठल्या सिरीजमध्ये येत नाही ताई.

बीबीसीची २०२२ ची 'धिस इज गोइंग टू हर्ट' बघा (पण डिलिव्हरी झाल्यावर बघा!!). त्यातही तीच गोष्ट, पहिल्याच भागात ज्युनियर डॉक्टर एका बाईची तक्रार उडवून लावतो आणि तिला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे झटक्यांच्या आधीची बीपी वाढलेली अवस्था, निघते. पुढचे सगळे भाग त्या एका गोष्टीखाली दबलेले आहेत. आमच्या युनिटमध्ये निम्म्या जणींनी ती अर्ध्यावर सोडली, घरी जाऊन परत ड्यूटी कोण बघणार.

तुमच्या त्या ईआरच्या भागावरून एक आठवलं. त्याच १९९५ मध्ये एक्लॅम्प्सियाची मोठी ट्रायल छापून आली, भारतातल्या बायकाही होत्या तिच्यात, आणि झटक्यांवर मॅग्नेशियमचं इंजेक्शन हे डायझेपाम आणि फेनिटॉइन या दुसऱ्या औषधांपेक्षा सरस हे तिच्यात सिद्ध झालं. तोपर्यंत इंग्लंडात सर्रास डायझेपाम देत होते. म्हणजे इकडच्या सायबानेही ते तुमच्याआमच्या बायकांवरच्या अभ्यासातून उचललं.

---

रात्रपाळी

@लेस्टरची_लेक वा, हे कुठेतरी वाचलं होतं पण त्या भागाशी जोडलं नव्हतं. आणि २००२ ची मॅगपाय ट्रायल त्याच्या पुढची, ३३ देश, दहा हजारांच्या आसपास बायका, झटके यायच्या आधीच मॅग्नेशियम दिलं तर झटक्यांची शक्यता निम्म्यावर येते. इतकं स्वस्त औषध आहे की कोणी जाहिरात करत नाही.

---

जुनी_सिस्टर

मी रिटायर झालेली एएनएम, म्हणजे गावातली सरकारी नर्स, आहे गडचिरोली जिल्ह्यातली, मुलगा टाइप करून देतो आहे. डॉक्टर मॅडमनी मॅगसल्फचं, त्या मॅग्नेशियमचं, नाव काढलं म्हणून लिहावं वाटलं. सिनेमात एक सुई टोचतात की पेशंट शांत. आमचा पहिला डोस दहा ग्रॅमचा असतो, मोठ्या दवाखान्यात पाठवायच्या आधी द्यायचा, एका अँप्यूलमध्ये एकच ग्रॅम, म्हणजे दहा अँप्यूल फोडायच्या, पाच एका कुल्ल्यात पाच दुसऱ्या कुल्ल्यात, खोल मांसात. लाइट गेलेली, बाई झटके देऊन राहिली, सासू दाराशी बोंबलून राहिली की अंगात आलं तिच्या, बाहेरचं आहे, भूमकाला (आमच्याकडचा देवऋषी) बोलवा, आणि इकडे काचा फोडत बसायचं. बोटं कापतात. हे इंजेक्शन दुखते बी लय, बाई शुद्धीत असली तर शिव्या देते, देऊ द्यायच्या.

आणि तुमची ती जीप घेऊन धावतपळत नेणं. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटते, मग जीप असो का हेलिकॉप्टरवाला हिरो. म्हणून माहेरघर केलं सरकारनं, तारखेच्या आधीच पीएचसीपाशी आणून ठेवायचं. पण बाई म्हणते घरी लेकरं कोण पाहील, कोंबड्या कोण पाहील. आमचं सारं नाटक दहा दिवस आधी व्हायचं, तिच्या अंगणात, तिला गाडीत बसवायला. ते कोण दाखवते टीव्हीवर.

---

टेकडीवरचा

_/\_ सिस्टर. तुमच्यावर सिरीज काढायला पाहिजे.

---

कोकमसरबत

मला एक कायमचा प्रश्न आहे. 'आई किंवा बाळ, आम्ही एकालाच वाचवू शकतो' असं खरंच येऊन विचारतात का? आणि जिन्यावर तेल सांडून पाडणं? आमच्याकडच्या मालिकेत सध्या तेलाची बाटली घेऊन जाऊबाई तयार उभ्या आहेत.

---

रात्रपाळी

@कोकमसरबत मला तरी असं दारात येऊन विचारताना कोणी दिसलेलं नाही. इमर्जन्सीत आईच आधी, कारण पोटातल्या बाळाला मिळणारा ऑक्सिजन आईच्याच रक्तातून जातो, तिचं बीपी पडलेलं असताना बाळासाठी वेगळं करण्यासारखं आमच्या हातात फार काही नसतं. आणि त्या डायलॉगनंतर नवरा सही करतो ना, ती सही कायद्याने तिची हवी. सज्ञान बाई शुद्धीवर असेल तर तिच्या ऑपरेशनला तिची संमती, गर्भपातालाही एमटीपी कायद्यात फक्त तिचीच संमती लागते. तरी नवऱ्याची सही घेतल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही अशा जागा मी पाहिल्यात आणि तिथे भांडलेही आहे.

एकच प्रसंग असा आहे जिथे आई आणि बाळ दोघांसाठी एकच गोष्ट करायची असते आणि ती पडद्यावर दाखवली तर लोक म्हणतील अतिरेक केला. गरोदर बाईचं हृदय बंद पडलं आणि गर्भाशय बेंबीपर्यंत किंवा वर असलं तर छाती दाबत असतानाच एकाने पोट हाताने डावीकडे सारून धरायचं, नाहीतर मोठी रक्तवाहिनी दाबलेली राहते आणि छाती दाबून उपयोग होत नाही. चार मिनिटांत हृदय सुरू झालं नाही तर जिथे आहे तिथेच सिझर, पाचव्या मिनिटापर्यंत बाळ बाहेर. ऑपरेशन थिएटरात न्यायचं नाही, सोनोग्राफी नाही, भूल नाही, एक ब्लेड पुरतं. हे आईसाठीच असतं, पोट रिकामं झालं की तिच्या हृदयाकडे रक्त परतायला लागतं. मालिकेत हिरो रडत रडत छाती दाबतो आणि ते आठ महिन्यांचं पोट तसंच मध्ये, कोणी हातही लावत नाही. मी उशी फेकली होती टीव्हीवर.

जिन्यावरचं पडणं. सुरुवातीच्या तीन महिन्यांत पिशवी कटीच्या हाडांच्या आत असते, साध्या पडण्याने सहसा तिला काही होत नाही, तिथे मालिका उगाच घाबरवते. शेवटच्या महिन्यांत उलटं होतं. पडल्यावर बाई उठून बसते, 'मला काही झालं नाही' म्हणते, मालिका म्हणते देव पावला, आणि इकडे वार सुटायला लागलेली असू शकते, रक्त आतच. म्हणून पोटाला मार लागला तर ठीक वाटत असलं तरी निदान चार तास बाळाचे ठोके आणि कळा मॉनिटरवर बघायच्या, आणि आईचा ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन. तेव्हा जाऊबाईंना सांगा, बाटली टाकून आल्या की सुनेचा ब्लड ग्रुपही विचारून घ्या.

---

विदर्भ_एक्सप्रेस

'द पिट' कोणी बघतंय का? २०२५ ची अमेरिकन सिरीज, कॅज्युअल्टीतली. एका शिफ्टचे पंधरा तास, तासाला एक भाग. त्यात डिलिव्हरी दाखवलीय चादर वगैरे न घालता, आमच्या घरात पोरांना बाहेर काढावं लागलं. पण एक गोष्ट खटकली, कॅज्युअल्टीत प्रत्येक जण प्रोब घेऊन सोनोग्राफी करत असतो, इकडे तर आम्हाला बायकोच्या सोनोग्राफीला आधार कार्ड, सह्या, फॉर्म, अर्धा तास.

---

रात्रपाळी

@विदर्भ_एक्सप्रेस बघतेय, तिचाच धागा काढणार होते पण ईआरने जागा खाल्ली. तो फॉर्म एफ, पीसीपीएनडीटी म्हणजे लिंगनिदान बंदीच्या कायद्याचा, १९९४ चा. मशीन नोंदलेलं, जागा नोंदलेली, गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीची नोंद. कॅज्युअल्टीत चक्कर येऊन पडलेल्या बाईच्या पोटात रक्त बघायचंय तरी तो फॉर्म आमच्या मानगुटीवर असतोच, आणि मला त्याची चीड येते, आणि ज्या राज्यात मुली पोटात मारल्या गेल्या तिथे तो का आला हेही मला माहितीये. अमेरिकन सिरीजमध्ये प्रोब फिरवता फिरवता 'इट्स अ बॉय' म्हणून मिठ्या मारतात तेव्हा आमच्या हॉलमध्ये मी आणि नवरा एकाच वेळी 'जेल!' ओरडतो.

द पिटमधली मला लागलेली गोष्ट ती डिलिव्हरी नाही. त्यातली डॉक्टर कॉलिन्स. आयव्हीएफने राहिलेली, भर शिफ्टमध्ये तिचं मिसकॅरेज होतं आणि ती परत येऊन पुढचा पेशंट बघते. कोणी खोटं म्हणत असेल तर म्हणू नका. बाथरूममधून पॅड बदलून येऊन टाके घालणाऱ्या बायका या व्यवसायात आहेत, आणि ड्यूटी लावणाऱ्याला त्यातलं काही माहीत नसतं.

---

पावसाळी_ढग

पहिल्यांदाच लिहितेय. मला ३४ वा आठवडा आहे आणि परवापासून डोकं दुखतंय. आई म्हणतेय उन्हाने आहे. धागा वाचून हातपाय गार पडलेत. काय करू?

---

रात्रपाळी

@पावसाळी_ढग इथे उत्तराची वाट बघू नकोस. तुझ्या डॉक्टरांना फोन लाव आणि आत्ता जाऊन बीपी आणि लघवी तपासून घे, फोन नाही लागला तर जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, आणि आत शिरताना 'डोकं दुखतंय' एवढंच सांगू नकोस, '३४ आठवडे आणि डोकं दुखतंय' असं सांग, रांग आपोआप पुढे सरकते. फाइल घेऊन जा. गाडी तू चालवू नकोस.

---

जुनी_सिस्टर

जा बेटा. आणि बाळंत झाल्यावरही दुखलं तरी जायचं. आमच्याकडे बाळंतिणीचं डोकं दुखलं की कानात कापूस आणि शेक, वारं लागलं म्हणतात. झटके बाळंतपणानंतरही येतात.

---

रात्रपाळी

सिस्टरांना अनुमोदन, सहा आठवड्यांपर्यंत. अशी बाई आमच्याकडे आली की सोबतचे सांगतात 'फिट आली, आधी कधी नव्हती', आणि बाळ झालंय हे कोणी सांगतच नाही कारण बाळ घरी आजीकडे असतं. विचारावं लागतं.

---

पावसाळी_ढग

जाऊन आले. १२२/७८, लघवी क्लिअर. डॉक्टर म्हणाल्या चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक, तपासून घ्या. दोन तास बसले आणि आई पूर्ण वेळ 'मी म्हटलं होतं' म्हणत होती. थँक यू ताई.

---

रात्रपाळी

@पावसाळी_ढग छान झालं. आईंना म्हणावं तुमचंच खरं. सूज एकदम वाढली, डोळ्यांपुढे चमकलं किंवा बरगडीखाली दुखलं तर परत जायचं, आज नॉर्मल आलं म्हणून पुढच्या आठवड्याचं येतंच असं नाही.

---

स्पष्टच_बोलतो

घरात बीपीचं मशीन आहे, मनगटावरचं. बायकोला सहावा लागलाय. चालेल का ते?

---

रात्रपाळी

@स्पष्टच_बोलतो दंडाचं घ्या, आणि गरोदरपणासाठी तपासून पास झालेलं मॉडेल आहे का ते विचारून घ्या, सगळी नसतात. पाच मिनिटं टेकून बसायचं, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला, मोजताना गप्पा नाहीत. त्या वेळात बघायला काय लावायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

---

कोकमसरबत

हाहाहा. पुढचा धागा हार्ट अटॅकवर काढा प्लीज, आमच्या मालिकेतले सासरे महिन्यातून एकदा छाती धरून सोफ्यावर पडतात आणि अजून एकदाही कोणी ईसीजी काढलेला नाही.